दीड वर्ष कमी

चेंदणी कोळीवाड्यातल्या दामाजीने वडिलांची होडी विकली तेव्हा त्याचं वय तीस होतं. खाडीत जाळं टाकलं तर मासळीपेक्षा गाळच जास्त हाती येऊ लागला होता. वाड्यातले पुरुष एकेक करून वागळे इस्टेटमध्ये कामाला लागत होते, तसा दामाजीही लागला. सायकलचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. त्याच्या प्लेटिंग खात्यात लोखंडी हँडलं आधी आम्लाच्या हौदात बुडवायची, मग धुवायची, मग चकाकीच्या हौदात सोडायची. वर्षभरात दामाजीची बोटं पिवळी पडली आणि नाकातून अधूनमधून रक्त यायला लागलं. त्याने त्याची फारशी फिकीर केली नाही. खात्यातल्या सगळ्यांचंच तसं होतं.

पगारातून दर महिन्याला थोडे पैसे विम्यासाठी कापले जात आणि त्याबदल्यात एक कार्ड मिळालं होतं. ते कार्ड दाखवलं की विम्याच्या दवाखान्यात डॉक्टर तपासायचा, औषध मिळायचं, वेळ पडली तर इस्पितळात खाट मिळायची. नंदा, त्याची एकुलती एक मुलगी, त्याच कार्डावर जन्मली. दामाजीला एकदा आम्ल उडून पाय भाजला, तेव्हा वीस दिवस तो त्याच कार्डावर इस्पितळात पडून होता. पुढे चौऱ्याऐंशी साली त्याची बायको आवडाबाई बाजारात मासळीच्या टोपलीपाशी बसल्या बसल्या कलंडली. तपासणीत साखर निघाली. गोळ्यांनी भागेना म्हणून चार-पाच वर्षांनी इन्सुलिन सुरू झालं. दवाखान्यातल्या नर्सने तिला सुई टोचायला शिकवलं. घरी फ्रीज नव्हता, म्हणून आवडाबाई इन्सुलिनची बाटली छोट्या मडक्यात घालून ते मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीजवळ ठेवायची. सकाळी सुई टोचून घ्यायची, भाकरी खायची आणि बाजारात जायची. महिन्याच्या महिन्याला बाटल्या फुकट मिळत होत्या. त्या विकत किती रुपयांना पडतात याचा विचार दोघांनी कधी केलाच नव्हता.

ब्याण्णव साली कंपनीने योजना काढली. पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांनी आपण होऊन नोकरी सोडली तर एकरकमी पैसे मिळणार होते. नंदाचं लग्न डोंबिवलीतल्या एका मुलाशी ठरत आलं होतं. शिवाय कारखाना फार दिवस टिकत नाही, असं जो तो बोलत होता. दामाजीने विचार केला, आज देतायत ते उद्या देतीलच असं नाही. त्याच्या बरोबरीने हौदावर काम करणारा पोपट त्याला म्हणाला, "दामाभाऊ, मी नाही सही करणार. घरात बसून काय भिंती मोजू?" पोपट साताऱ्याकडचा, दामाजीपेक्षा अडीच वर्षांनी लहान, किसननगरात राहणारा. सव्वीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. पोपटने आणलेला ठेचा दामाजी खायचा आणि आवडाबाईने दिलेलं कोलंबीचं कालवण पोपट.

अर्जावर इंग्रजीत चार ओळी होत्या. टाइमकीपरने त्या वाचून दाखवल्या. "स्वखुशीने राजीनामा देत आहे, असं लिहिलंय. सही कर." दामाजीने सही केली. त्या वेळी त्याला साडेछप्पन्न वर्षं झाली होती. कंपनीत निवृत्तीचं वय अठ्ठावन्न होतं.

नंदाचं लग्न चांगलं झालं. त्यानंतरही आवडाबाई कार्ड घेऊन दवाखान्यात जायची आणि तिला बाटल्या मिळत राहिल्या, म्हणून नोकरी गेली तरी कार्ड राहतं, असंच दोघांनी धरलं. त्र्याण्णवच्या जुलैत मात्र खिडकीतल्या सरोजबाईंनी कार्ड परत केलं. दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या या बाई अनेक वर्षं तिथे होत्या आणि आवडाबाईला नावाने ओळखत होत्या.

"आवडाबाई, हे संपलं. तुमच्या यजमानांना पाठवा."

दुसऱ्या दिवशी दामाजी गेला. सरोजबाईंनी त्याला आत बोलावून बाकावर बसवलं.

"काका, तुम्ही सप्टेंबरात सोडलंत. त्याआधीच्या सहा महिन्यांत जे पैसे कापले गेले होते, त्याच्यावर तुम्हाला या जूनपर्यंत मिळालं. आता पुढे कोणी भरत नाही, म्हणून बंद झालं."

"मग आता?"

"घाबरू नका. रिटायर झालेल्यांसाठी दोन वर्षांपूर्वी नवी सोय झाली आहे. महिन्याला दहा रुपये धरून वर्षाचे एकदम भरायचे. नवरा-बायको दोघांनाही दवाखाना चालू राहतो. कंपनीचं पत्र घेऊन विम्याच्या कार्यालयात जा."

दामाजीला वाटलं, बाई थट्टा करतायत. वर्षाचे एकशेवीस रुपये! आवडाबाईच्या दोन महिन्यांच्या बाटल्या बाहेरून घेतल्या तरी त्याहून जास्त गेले असते. तो तसाच घरी गेला, ट्रंकेतून कंपनीचं पत्र काढलं, खिशात पैसे घातले आणि कार्यालय गाठलं.

तिथले साहेब मध्यमवयीन होते. ते कुणावर ओरडत नव्हते, बोलायलाही सरळ होते. त्यांनी पत्र वाचलं, परत एकदा वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही रिटायर झालेला नाहीत."

"साहेब, घरी बसलोय मी. रिटायरच झालो ना?"

"नाही. वय पूर्ण झालं म्हणून कंपनीने निवृत्त केलं तर ती सोय मिळते. तुम्ही स्वतःहून सोडलंत. पत्रात तसंच लिहिलंय."

"सव्वीस वर्षं पैसे कापलेत माझे."

"मी नाही कुठे म्हणतोय? पण अठ्ठावन्नला दीड वर्ष कमी आहे."

दामाजीने खिशातल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "मग त्या दीड वर्षाचे पण घ्या. मी भरतो. दुप्पट भरतो."

साहेबांनी नोटा उचलून परत त्याच्या हातात दिल्या. "तुमचे पैसे घ्यायला माझ्याकडे खातंच नाही हो. कशात जमा करू?"

घरी आल्यावर आवडाबाईने विचारलं, "काय झायलं?"

"पैसे घेत नाय ते."

"जास्ती मागतान?"

"नाय गं. कमीच हायत. पण माझे घेत नाय."

तिला ते कळलं नाही. पैसे द्यायला गेलेल्या माणसाकडून कोणी पैसे घेत नाही, असं तिने बाजारात उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढचं जवळजवळ वर्ष दामाजीने पत्रातल्या 'स्वखुशीने' या एका ओळीच्या मागे काढलं. कंपनीत गेला. मॅनेजर म्हणाला की कागद सरकारकडे गेले, आता तारीख बदलून देता येणार नाही. युनियनच्या ऑफिसात गेला, तिथे त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. मुंबईच्या मोठ्या कार्यालयात तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने नियमाचा कागदच त्याच्या पुढे केला. कागद इंग्रजीत होता. दामाजी सहावी शिकलेला. तो कागदाची झेरॉक्स घेऊन सरोजबाईंकडे गेला आणि त्यांच्याकडून एकेक शब्द मराठीत उतरवून घेतला. तो उतारा त्याने इतक्यांदा वाचला, की तो त्याला पाठच झाला. किती वर्षं वर्गणी भरलेली हवी, कुणाला मिळतं, कुणाला मिळत नाही, विधवेचं काय, अपंग झालेल्याचं काय, सगळं. वाड्यातली, इस्टेटमधली माणसं त्याच्याकडे विचारायला येऊ लागली. तो ओट्यावर बसून समजावून सांगायचा. ज्याला मिळण्यासारखं असेल त्याच्याबरोबर कार्यालयातही जायचा. दोघा-तिघांची कार्डं त्याने चालू करून दिली. लोक त्याला मानायला लागले. त्या दिवसांत आपण अगदीच निकामी झालो नाही, असं त्याला वाटायचं.

या धावपळीत त्याचं घरात लक्ष नव्हतं. इन्सुलिन तो औषधाच्या दुकानातून विकत आणत होता. एकदा दुकानदार सहज म्हणाला, "बाटली बरी पुरते की हो तुम्हाला. बाकीचे महिन्याला दोन नेतात." दामाजी घरी आला. आवडाबाई सुई भरत होती. तो मागे उभा राहून बघत राहिला. दांडी अर्ध्यावर आली, तशी ती थांबली.

"निम्मीच?"

ती दचकली. मग म्हणाली, "मना तेवढीच पुरते."

"डाक्टरनी किती सांगितलेली?"

"डाक्टरनी सांगितली तवा बाटली फुकट व्हती."

कधीपासून चाललंय, तर कार्ड बंद झालं त्या महिन्यापासून. दामाजी तिच्यावर खूप ओरडला. शेजारच्या बायका दारात आल्या. दुसऱ्या दिवसापासून तो समोर बसून पूर्ण सुई भरून घ्यायला लावू लागला. पण तो कार्यालयांच्या वाऱ्या करायला बाहेर पडला, की ती काय करते हे बघायला घरात कोणी नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या मध्यावर कंपनीने दुसऱ्यांदा तीच योजना काढली. या वेळी पैसेही थोडे वाढवले होते. हे कळलं त्याच संध्याकाळी दामाजी चालत किसननगरला गेला. पोपट खाटेवर बसला होता, अर्ज हातातच होता. त्याची बायको सरस्वती चुलीपासून लांब, दाराशी वारा घेत बसली होती. तिला दमा होता. थंडीत तिला दोन-दोन आठवडे विम्याच्या इस्पितळात ठेवावं लागायचं.

"सही केलीस?" दामाजीने विचारलं.

"उद्या करणार. या वेळी सगळेच करतायत."

"करू नकोस."

दामाजीने खिशातून उतारा काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. सही केलीस तर माझं झालं तेच तुझं होणार. दोन वर्षं आणि तीन-चार महिने काढ. अठ्ठावन्न पूर्ण कर. मग वर्षाला एकशेवीस भर आणि वहिनींचा दमा मरेपर्यंत विम्यावर टाक.

पोपटने हातातला अर्ज उलटसुलट करून पाहिला. "कंपनी टिकेल का तोवर?"

"ब्याण्णव सालीही बंद होणार म्हणत होते. झाली का?"

"तुला खात्री आहे?"

"कागद माझ्या हातात आहे, पोपट. मी ऐकीव सांगत नाही."

सरस्वतीने नवऱ्याकडे पाहिलं. "दामाभाऊजींनी वर्षभर चपला झिजवल्यात. ते उगाच सांगणार नाहीत," ती म्हणाली. पोपटने अर्जाची घडी घातली आणि खाटेच्या गादीखाली सरकवली. सही करायची मुदत पुढच्या शनिवारी संपली. खात्यातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. पोपटने केली नाही.

त्या डिसेंबरात आवडाबाईच्या पायात शिंगाळ्याचा काटा घुसला. मासळी विकणाऱ्या बाईला काटा लागणं काही नवीन नव्हतं. तिने हळद दाबली आणि कामाला लागली. आठ दिवसांनी पाय सुजला, तरी ती बाजारात बसली. दामाजीला तेव्हा कळलं, जेव्हा घरात वास यायला लागला. सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. पण साखर इतकी वर गेली होती, की जखम कशालाच बधेना. आधी दोन बोटं कापली. मग जानेवारीच्या शेवटी गुडघ्याखाली पाय कापला. महागडी औषधं बाहेरून आणावी लागत. कंपनीतून मिळालेल्या रकमेतलं लग्नानंतर जे काही उरलं होतं, ते त्या दोन महिन्यांत गेलं. नंदा डोंबिवलीहून एक दिवसाआड डबा घेऊन यायची. आईच्या खाटेशी बसून ती एकदा बापाला म्हणाली, "बाबा, माझं लग्न वर्ष-दीड वर्ष लांबवलं असतं तर चाललं असतं." हे दामाजीच्याही मनात येऊन गेलं होतं आणि आपल्या मनात आलं याचीच त्याला लाज वाटली होती.

आवडाबाईला घरी आणलं, तेव्हा ती ओट्यावर बसून राहायची. वाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन बाजारात निघाल्या, की तोंड फिरवायची.

मेमध्ये कारखाना बंद झाला. कुणाला आधी काही सांगितलं नव्हतं. सकाळच्या पाळीचे कामगार गेले, तर दरवाजाला कुलूप आणि शेजारी नोटीस. मालकाने बँकेचं कर्ज फेडलं नव्हतं आणि बँक कोर्टात गेली होती. कामगारांची देणी कोर्टातून ठरतील, असं नोटिशीत होतं. आधी सही करून गेलेल्यांचे पैसे त्यांच्या हातात पडले होते. जे राहिले होते त्यांना काहीच मिळालं नाही. आणि पोपटला अजून अठ्ठावन्न पूर्ण व्हायला जवळजवळ दीड वर्ष होतं.

दामाजी लगेच पोपटकडे गेला नाही. त्याने तो उतारा काढून पुन्हा वाचला. कारखानाच बंद पडला तर काय, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. तो सरोजबाईंकडे गेला. त्यांनी कार्यालयात फोन करून विचारलं. उत्तर आलं, की वय पूर्ण होऊन निवृत्त झालेला नाही, म्हणून बसत नाही. पोपटचंही कार्ड काही महिने चाललं आणि बंद झालं.

पावसाळा संपता संपता दामाजी किसननगरला गेला. दार सरस्वतीने उघडलं. ती आधीच अशक्त, आता बोलतानाही थांबून श्वास घेत होती. घरात पोपट नव्हता. तो डोंबिवलीत, मानपाडा रोडला, एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून लागला होता. बारा बारा तासांची ड्युटी होती आणि तो तिथेच जिन्याखाली झोपायचा. सरस्वतीने दामाजीला पाणी दिलं.

"वहिनी, मी चुकीचं सांगितलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला. तुम्ही कागदात होतं तेच सांगितलंत."

"कंपनी बंद पडेल असं..."

"भाऊजी," ती मध्येच म्हणाली, श्वास घ्यायला थांबली, मग म्हणाली, "ह्यांना तुमचा राग नाही. पण तुम्ही आलात, की त्यांना ते सगळं आठवतं. तुम्ही आता येत जाऊ नका."

दामाजी उठला. पेला जमिनीवर ठेवला की तिच्या हातात दिला, हेही त्याला नंतर आठवेना.

तो पोपटला एकदा भेटला, डोंबिवलीला जाऊन. पोपट खाकी कपड्यांत, हातात काठी घेऊन फाटकाशी उभा होता. दोघे चहा प्यायले. पोपट आवडाबाईच्या पायाबद्दल विचारत राहिला, नंदाबद्दल विचारत राहिला. कारखान्याचं नावही त्याने काढलं नाही. दामाजी माफी मागायला म्हणून गेला होता; पण पोपटने त्याला तेवढी जागाच दिली नाही. एक गाडी आली, पोपट धावत फाटक उघडायला गेला. गाडीवाल्याने हॉर्न वाजवत उशीर झाला म्हणून दोन शिव्या दिल्या. पोपटने सलाम केला. दामाजीने ते पाहिलं आणि पोपटने, दामाजीने पाहिलं हे पाहिलं. त्यानंतर दामाजी तिकडे कधी गेला नाही.

सरस्वती शहाण्णवच्या थंडीत गेली. दामाजीला ते पंधरा दिवसांनी जुन्या खात्यातल्या एकाकडून कळलं. आवडाबाई त्यानंतर सात-आठ महिने होती. दुसऱ्या पायालाही जखम झाली होती. इस्पितळात न्यायला रिक्षा आणली, तर तिने दाराची चौकट धरून ठेवली. "हा पाय माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. दामाजीने जबरदस्ती केली नाही. नंदा बापाशी त्यावरून भांडली आणि मग त्याच्याच शेजारी बसून रडली. चार दिवसांनी सकाळी आवडाबाई हाक मारल्यावर उठली नाही.

तिच्या दहाव्याला खाडीकाठी वाड्यातली सगळी माणसं आली. पोपट आला नाही. येईल असं दामाजीला वाटलंही नव्हतं. तरी तो दोन-तीनदा रस्त्याकडे बघून आला.

अठ्ठ्याण्णव साली वाड्यातलाच रघु त्याच्या ओट्यावर येऊन बसला. रघु पंचावन्नचा, इस्टेटमध्येच एका रंगाच्या कारखान्यात होता. त्याच्या कंपनीनेही आपण होऊन सोडणाऱ्यांना पैसे द्यायची योजना काढली होती. बायकोला रक्तदाब, तिचं सगळं औषध विम्यावर.

"दामादादा, तुला त्यातलं सगळं ठावं हाय असं सगळे सांगतान. सही करू का थांबू?"

दामाजीने त्याच्याकडे पाहिलं. नियम त्याला अजून पाठ होता. पाच वर्षांची वर्गणी, अठ्ठावन्न पूर्ण, वर्षाचे पैसे एकदम. थांबलास तर काय आणि गेलास तर काय, हे दोन्ही त्याला आतून माहीत होतं, आपल्या आणि मित्राच्या घरात जिवावर बेतून माहीत होतं. रघु कागद पुढे करून वाट बघत होता.

"मना नाय ठावं, रघु," तो म्हणाला.

"अरे पण तू किती जणांची कामं करून दिलीस."

"मना नाय ठावं."

रघुला वाटलं, म्हाताऱ्याला सांगायचं नाही. तो जरा रागानेच उठून गेला. त्याने पुढे सही केली की नाही, ते दामाजीने कधी विचारलं नाही. त्याला स्वतःलाही आता छातीत दुखायचं आणि नाकातून येणारं रक्त वाढलं होतं. बुधवारी तो महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभा राहायचा आणि तिथे जी गोळी मिळेल ती घ्यायचा. नंदा म्हणायची, चांगल्या डॉक्टरला दाखवू. तो हो म्हणायचा आणि पुढच्या बुधवारी परत त्याच रांगेत जाऊन उभा राहायचा.